धुराड्याच्या शाळेतलं देवक

विल्की शाळेच्या इमारतीला शंभर वर्षं झाली म्हणून गेल्या साली, सत्त्याहत्तरात, काही मंडळींनी गुळगुळीत कागदावर स्मरणिका काढली. तीत इमारतीला ज्ञानमंदिर म्हटलंय, ऐतिहासिक ठेवा म्हटलंय, आणि एका कवीने तर आई म्हटलंय. फोटो भरपूर. बहुतेक फोटोंत इमारत मागे आणि पोटं पुढे. मी ती जाहिरातींसकट वाचून काढली. शंभर वर्षांत त्या इमारतीत एकच कामाची गोष्ट घडली आणि नेमकी तेवढीच गाळलेली आहे. तेव्हा ती मला लिहिणं भाग आलं. मी मांडववाला माणूस, उभा जन्म लोकांच्या लग्नात बांबू रोवण्यात गेला. खोटं बोलायला मला कारण लागत नाही हे सोलापूरला ठाऊक आहे, पण या गोष्टीने माझी तेवढी मेहनत वाचवली.

आधी इमारत. विल्की नावाचा कलेक्टर इथे होता. त्याने शाळा बांधायची म्हणून स्वतःच्या गावच्या शाळेचा नकाशा बोटीने मागवला आणि एक रेघ न बदलता तो सोलापुरात उभा केला. त्याच्या गावात म्हणे वर्षातला बहुतेक काळ बर्फ. त्यामुळे खिडक्या अरुंद, भिंती हत्ती आत झोपावा इतक्या जाड, आणि प्रत्येक वर्गाच्या भिंतीत एक चूल. स्वयंपाकाची नव्हे, शेकायची. पोरांनी तिच्यापुढे बसून हात शेकावेत आणि मग भूगोल शिकावा. सोलापूरचा वैशाख असा की डांबरात चपला चिकटून राहतात आणि माणूस तसाच पुढे जातो. त्या गावात याने शेकायची सोय केली. प्रत्येक चुलीवर धुराडं, त्यामुळे कौलांवर धुराड्यांची रांगच निघाली. आमच्याकडे धुराडं म्हणजे गिरणी, दुसऱ्या कशाला धुराडं असतं हे कुणाला माहीत? बाहेरगावचे लोक भाकरीचं गठुळं काखेत मारून फाटकाशी यायचे आणि विचारायचे, "हितं भरती कवा हाय?" इथे पगार देत नाहीत, नुसतं बसवून ठेवतात, हे कळलं की परत जायचे. तेवढी अक्कल शहरातल्या लोकांना नव्हती, त्यांनी पोरं घातली. नाव मात्र पडलं धुराड्याची शाळा.

त्या चुलींत विस्तव कधीच पेटला नाही. पण रिकामी जागा दिसली की तीत काहीतरी कोंबल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. इमारतीत सध्या कुणाचं बिऱ्हाड आहे ते बाहेरच्या पाटीवरून कळायचं नाही, कारण पाटी नेहमी आधीच्या बिऱ्हाडाची असायची. चुलीत डोकावलं की कळायचं. शाळा होती तेव्हा हेडमास्तर तीत ढ पोरं उभी करायचे. मीही उभा राहिलोय. वर बघितलं की धुराड्यातून आभाळाचा रुपयाएवढा तुकडा दिसायचा. शाळेत मी जे काही खगोलशास्त्र शिकलो ते तेवढंच. माझ्या आधी, प्लेगात म्हणे, काही दिवस शाळा बंद करून रोगी आणून ठेवले, तेव्हा चुलीत औषधाच्या बाटल्या आल्या. रोगी बाटल्यांकडे बघत बघत गेले, बाटल्या सरकारी असल्यामुळे शेवटपर्यंत भरलेल्या राहिल्या. तीस साली मार्शल लॉ लागला आणि गोरे सोजीर येऊन उतरले. चूल ओळखणारे इतक्या वर्षांत तेवढेच. त्यातला एक लालबुंद सोजीर भर मे महिन्यात तिच्यापुढे मांडी घालून हमसून हमसून रडला, गाव आठवलं म्हणून. पुढे लढाईच्या दिवसांत रेशनचं रॉकेल आलं आणि स्वराज्य मिळाल्यावर मतपेट्या आल्या. मतपेट्या गेल्यावर तिथे एका मांजरीने पिल्लं घातली. लोकशाहीतून निघालेली तेवढीच वस्तू मी डोळ्यांनी बघितली.

रॉकेलापासून पुढे एवढी बिऱ्हाडं आली-गेली, पण पहारेकरी तोच राहिला, सिद्धाप्पा. अक्कलकोटकडचा, घरात कानडी बोलणारा. एकेक खातं जाताना खुर्च्या नेई, पंखे नेई, दिवेसुद्धा काढून नेई, पण सिद्धाप्पाला कुणी नेला नाही. साहेब लोकांसमोर तो बहिरा असायचा. बाकीच्यांसमोर त्याला मुंगीचं चालणं ऐकू यायचं.

शेवटी ही इमारत कुणाच्याच कामाची नाही असं ठरलं, तेव्हा ती लग्नकार्याला देऊ लागले. मागल्या अंगणात विहीर होती आणि तिचं पाणी कधी आटत नसे. विल्कीच्या नकाशात विहीर नव्हती. चुना कालवायला पाणी हवं म्हणून ती बांधकामाच्या वेळी खणली आणि नंतर बुजवायचा सगळ्यांना कंटाळा आला. त्या अख्ख्या जागेतली उपयोगाची वस्तू ती एकच, आणि तीही आळसामुळे राहिलेली.

त्र्याहत्तरच्या माघात तानाबाई आली. दुष्काळ कसा होता ते ज्यांनी बघितलं त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी बघितला नाही त्यांना स्मरणिकेत त्याचा फोटो मिळेल, खाली देणगीदाराचं नाव आहे. तानाबाई सांगोल्याकडची धनगरीण. नवरा मागेच वारलेला. घरात एक लेक, केरा, आणि दावणीला मेंढरांचा कळप. केराचं लग्न होटगीच्या येडूशी ठरलं होतं. तो रेल्वेत गँगमन, रुळाखालची खडी सारखी करायच्या कामावर. तानाबाईच्या गावात वऱ्हाडाला प्यायला पाणी नव्हतं, म्हणून लग्न सोलापुरात, विहिरीच्या या इमारतीत. मेंढरं मागे ठेवायची कुणाच्या भरवशावर? तीही आली. वऱ्हाडापेक्षा मेंढरं जास्त असलेलं लग्न माझ्या धंद्यात ते पहिलंच.

"आण्णा," मी बांबू रोवत होतो तिथे येऊन ती म्हणाली, "ही मेंढरं रानात गवात येईस्तवर जगली तर आमी धनगर. न्हाय जगली तर खडी फोडनारं. दुसरं काय न्हाय माज्यापाशी."

फाटकाबाहेर मेंढरांचा एक दलाल बिडी ओढत उभाच होता. त्या साली गिधाडं कमी पडली ती या लोकांनी भरून काढली. तो रोज यायचा, गजांतून हात घालून एखाद्या मेंढीची पाठ दाबून बघायचा आणि 'अजून दोन दिवस' असं तोंड करून जायचा.

आता देवकाचं सांगतो, कारण सगळं त्यावर अडलं. लग्नाआधी मांडवात देवक बसवतात. पाच झाडांच्या डहाळ्या आणि मडकं, मारुतीच्या देवळातून वाजत आणायचं. ते नवराबायकोच्या एका जोडीने बसवायचं, आणि कार्य उरकल्यावर त्याच जोडीने उठवायचं. मधे कुणी हात लावायचा नाही, मांडवाचा बांबू हलवायचा नाही. देवक उठलं की लग्न संपलं. तानाबाई विधवा, तिला बसता येत नव्हतं. तिचे भाऊ-भावजय बसायचे होते, पण ते दुष्काळी कामावर खडी फोडत होते आणि मुकादमाने सोडलं नाही. देवकाला जागा मात्र तिने येताक्षणी हेरली होती: सातवीच्या वर्गातली भिंतीतली चूल. "सायबानं किती झ्याक देवळी केलीया," असं म्हणत तिने ती सारवली आणि वर हळदीची बोटं ओढली. विल्कीच्या चुलीला तेवढा मान त्याच्या गावातही मिळाला नसेल.

देवळी तयार, देवक दारात, जोडपं नाही. भटजी घड्याळाकडे बघून सुस्कारे सोडत होते, आणि तेवढ्यात फाटकात जीप आली.

जीपमधून मानसिंगराव उतरले. दुष्काळ निवारणाच्या कुठल्याशा खात्याचे साहेब. खात्याचं नाव इतकं लांब होतं की जीपच्या दारावर मावेना, निम्मं मागच्या पत्र्यावर रंगवलेलं. जिल्ह्यात दुष्काळ वाढला तसं यांचं खातं वाढलं, जागा पुरेना, म्हणून ही इमारत ताब्यात घेण्याआधी नजरेखालून घालायला आले होते. सोबत बायको, मथुराबाई, तिला पुढे बाजारात सोडायचं होतं. ती केमची, स्टेशनाशेजारच्या मळ्यातली शेतकऱ्याची लेक. कमी बोलायची. ते कमी बोलणं म्हणजे आपल्याविषयीचा आदर, अशी मानसिंगरावांची समजूत होती.

मानसिंगरावांना फेट्याचं वेड होतं. कुठे नारळ फुटणार असला की त्यांची जीप गव्हाणीकडे बैल वळावा तशी वळायची. डोक्याला फेटा बांधत असताना ते डोळे मिटून घ्यायचे आणि खालचा ओठ लोंबू द्यायचे. मला हे माहीत होतं, कारण त्यांच्या अर्ध्या नारळांना मांडव माझा होता. मी तानाबाईच्या कानाला लागलो.

"साहेबांना बसव."

"त्ये कुटं आमच्या भावकीतलं?"

"एरवी मायबाप सरकार म्हणता की नाही? मग मायबापांनी बसायला नको?"

भटजींनी बोलायला तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनी ते मिटलं. लग्नसराईत मांडववाल्याशी वाकडं घेऊन भटजीचं चालत नाही.

तानाबाई पुढे झाली. "सायेब, तुमी आन् बाईसायेब देवकाला बसा. लई उपकार हुतील."

"छे छे, मी सरकारी माणूस," मानसिंगराव म्हणाले. मग आजूबाजूला बघून म्हणाले, "फेटा आहे का?"

फेटा होता. फोटोवालाही होता. जोडी पाटावर बसली, सातवीच्या चुलीत देवक बसलं, केराच्या आणि येडूच्या डोक्यावर अक्षता पडल्या. तिथे थांबायला हरकत नव्हती, पण डोक्यावर फेटा असताना मानसिंगरावांना गप्प बसता येत नसे. ते उभे राहिले. समोर वऱ्हाड थोडं आणि मेंढरं फार, पण श्रोते निवडायची त्यांना सवय नव्हती.

"तानाबाई," ते म्हणाले, "आज मी तुमचा भाऊ म्हणून बसलो. पाऊस पडून रानात गवत येईपर्यंत ही इमारत तुमची समजा. तुमची मेंढरं ती आमची मेंढरं. या देवकाच्या साक्षीने सांगतो."

फोटोवाल्याने तेवढ्यात फोटो काढला. दोन दिवसांनी तो छापून आला, फेट्याचा शेपटा सुद्धा स्पष्ट.

मथुराबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. "अहो, देवकासमोर बोललाय."

"मग?"

"न्हाय, म्हटलं तुमच्या ध्यानात असू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलांनी भरलेला ट्रक फाटकाशी उभा राहिला. मानसिंगराव आले ते बोडके.

"कार्य छान झालं, तानाबाई. आता दुपारपर्यंत जागा मोकळी करा. मेंढरं आधी काढा, वास येतोय."

"पर सायेब, गवात येईस्तवर म्हनला हुता की."

"ते भाषण होतं."

भाषण या प्रकाराशी तानाबाईची ओळख नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं. फाटकाबाहेर दलालाने बिडी टाचेखाली विझवली आणि बाह्या वर केल्या.

मी म्हटलं, "साहेब, जागा होईल मोकळी. मी स्वतः बांबू उपटतो. तुम्ही तेवढं देवक उठवा. लग्न संपल्याशिवाय मांडव कसा निघणार?"

"उठवतो. किती वेळ लागतो त्याला?"

"वेळ नाही लागत," भटजी म्हणाले. "वहिनीसाहेबांना बोलवा. जोडीनं बसायचं असतं."

जीप बंगल्यावर गेली आणि रिकामी परत आली. ड्रायव्हर खाली मान घालून म्हणाला, "बाईसाहेब म्हणाल्या, गवत आलं की निरोप धाडा. आणि त्या केमला गेल्या. मीच स्टेशनावर सोडलं."

मानसिंगरावांनी देवकाकडे दोन पावलं टाकली. त्याच वेळी बहिऱ्या सिद्धाप्पाने झाडू थांबवला आणि भटजींना विचारलं, "काय री, जोडी नसताना उठवलं तर कुनावर उलटतंय त्ये?"

"बसवणाऱ्यावर," भटजी म्हणाले.

दर अमावास्येला जीपला लिंबू बांधणारा साहेब होता तो. जागच्या जागी थांबला.

असं ते लग्न संपेना. माघ गेला, फाल्गुन गेला, आणि केराचं लग्न आपलं चालूच. मानसिंगरावांनी टेबलं परत न्यायची लाज वाटून ती बाहेर माझ्या मांडवातच मांडली. माझे बांबू अडकले, पण असा तमाशा घरबसल्या मिळत नाही, म्हणून मी काही बोललो नाही. दुष्काळाचं ऑफिस आंब्याच्या तोरणाखाली आणि झिरमिळ्यांच्या झालरीखाली भरू लागलं. कामाची मागणी घेऊन लोक यायचे, कारकून त्यांना 'उद्या या' सांगायचा, आणि आतून तानाबाई ओरडायची, "लग्नघरातनं कुनी उपाशी जाऊ नका रं." तिच्याकडे तरी काय होतं? मिलोची, म्हणजे रेशनवरच्या अमेरिकन ज्वारीची, लाल भाकरी आणि चमचाभर शेंगाचटणी. पण त्या खात्याच्या दारात येऊन लोकांना जे काही मिळालं ते तेवढंच.

आत मेंढरं. त्यांना पाणी विहिरीचं. पाला तानाबाई आणि केरा दिवसभर हिंडून आणायच्या, आणि येडू होटगीहून येताना रुळाकडेच्या बाभळीच्या शेंगा पोत्यात भरून गाडीत टाकायचा. तो लग्नघर सोडून होटगीला राहायला जाऊ शकत नव्हता, लग्न चालू होतं ना. रोज इथून कामावर जायचा. त्याचा मुकादम म्हणे विचारायचा, "येडू, तुजं लगीन अजून चालूच का रं?"

"व्हय. देवक उठलं न्हाय."

"माजं येका दुपारात उरकलं हुतं."

"म्हनून तर तुमास्नी कुनी इचारत न्हाय."

मेंढरं हळूहळू आपणच वर्गवार बसू लागली. म्हाताऱ्या सातवीत, कोकरं पहिलीत. त्या शाळेत इतका शांत वर्ग कधी भरला नव्हता आणि कुणी नापासही झालं नाही. कोपऱ्यांतून आधीच्या खात्यांचे कागद छतापर्यंत साचलेले होते, ते त्यांनी पाल्याबरोबर तोंडी लावायला घेतले. रेशनचे कागद त्यांना आवडले, धान्याचा वास असावा. हेडमास्तरांचे शेरे एका मेंढ्याने खाल्ले आणि तो पुढे कितीतरी दिवस इतर मेंढरांशी बोलेना. खोटं वाटत असेल तर त्या इमारतीत जाऊन एखादा जुना कागद मागून बघा. नाही मिळणार.

चैत्रात मुंबईहून पाहणीला फार मोठे साहेब आले. मांडव, तोरण, हळदीच्या अंगाची नवरी, आणि पानात वाढलेली भाकरी. ते मांडी घालून जेवले, चटणी पुन्हा मागितली, जाताना केराला आशीर्वाद दिला आणि मुंबईला कळवलं की जिल्ह्यात मंगलकार्यं उत्साहात चालू आहेत, परिस्थिती काळजीची नाही. मानसिंगरावांना यासाठी शाबासकी मिळाली. ती त्यांनी घेतली.

ज्येष्ठात मात्र वरून हुकूम आला: चार भिंतींत ऑफिस भरवा, नाहीतर बदलीला तयार राहा. मानसिंगरावांनी भटजींना कोपऱ्यात घेतलं. भटजींनी तोड काढली. बायको हयात नसली तर माणूस कमरेला सुपारी खोचतो आणि तिलाच बायको मानून विधी करतो. तशी सुपारी खोचून देवक उठवता येईल.

"पण माझी हयात आहे," मानसिंगराव म्हणाले.

"केमला आहे," भटजी म्हणाले.

सिद्धाप्पाने हे ऐकलं आणि मला सांगितलं. दलालालाही कुणीतरी सांगितलं, कारण त्याने ट्रक ठरवला. तानाबाई त्या दिवशी मेंढरांत जाऊन बसली ती उठेना. एकेकीच्या पाठीवरून हात फिरवत होती. "इतकी जगवली," ती म्हणाली, "आन् मिरगाच्या तोंडावर सुपारीपायी जात्याली." मी धोतर झटकलं आणि केमची गाडी पकडली.

मथुराबाई मळ्यात, कोरड्या विहिरीच्या काठावर डाळ निवडत बसली होती.

"बाई," मी म्हटलं, "साहेबांनी तुमच्या जागी सुपारी बसवायची ठरवलीय. उद्या सकाळी."

"कसली सुपारी?"

"कमरेला खोचायची. बायको वारली की खोचतात ती."

तिने सूप खाली ठेवलं. डाळीतला एक खडा उचलून विहिरीत टाकला. विहीर खोल होती, आवाज उशिरा आला.

"आण्णा, गाडी कितीला हाय?"

सकाळी मानसिंगराव फेटा बांधून, सोवळं नेसून सातवीच्या वर्गात पाटावर बसले होते. कमरेला सुपारी. सभोवती मेंढरं रवंथ करत विधी बघत होती. फाटकाशी दलालाचा ट्रक. भटजींनी पळीत पाणी घेतलं आणि म्हणाले, "आता उजव्या हाताने सुपारीला स्पर्श करा आणि म्हणा, सपत्नीक." मानसिंगरावांनी डोळे मिटले, खालचा ओठ लोंबू दिला, आणि स्पर्श केला तो बायकोच्या हाताला. ती मेंढरांतून वाट काढत येऊन शेजारी उभी होती आणि तिने सुपारी आधीच उपसून घेतली होती.

"हीच का?" तिने ती उजेडाकडे धरून बघितली. "अगं तानाबाई, तुझा अडकित्ता दे."

तानाबाईने कनवटीची चंची सोडून अडकित्ता दिला. मथुराबाईने पाटाशेजारीच बैठक मारली, सुपारी फोडली, अर्धी तानाबाईच्या हातावर ठेवली, पानाला चुना लावला आणि अर्धी स्वतः तोंडात टाकली. मानसिंगराव बघत राहिले. चावायला वेळ लागला.

"सवत लई कडक निघाली," ती म्हणाली.

भटजी पुटपुटले, "दुसरी सुपारी आणता येईल..."

"आना की. चंचीत पानं हायत अजून."

भटजींनी पळीतलं पाणी परत भांड्यात ओतलं. मथुराबाई नवऱ्याकडे वळली. आवाज चढवला नाही.

"गवत येईपर्यंत म्हणालाय. देवकासमोर म्हणालाय, मी शेजारी होते. मी आता हितंच ऱ्हाते, हेडमास्तराच्या खोलीत. गवत आलं की बसू जोडीनं. न्हायतर बदली घ्या, मी काय सुपारी न्हाय तुमच्या कमरेला यायला."

सोवळ्यातला आणि फेट्यातला माणूस इतका उघडा मी कधी बघितला नाही. मानसिंगराव उठले, बाहेर मांडवात जाऊन टेबलाशी बसले आणि फेटा काढायचा विसरून दिवसभर सह्या करत राहिले. ट्रक रिकामा गेला. बदलीचं काही झालं नाही, कारण हुकूम काढणाऱ्या साहेबाचीच बदली झाली.

पाऊस त्या साली झाला. आषाढात तानाबाई एक दिवस एसटीने गावाकडे जाऊन आली आणि मुठीत ओल्या मातीसकट उपटलेलं गवत घेऊन सरळ मानसिंगरावांच्या टेबलावर ठेवलं.

"सायेब, आता उठवा."

जोडी बसली. अक्षता टाकल्या, देवक उठलं, एक पान चघळून होईपर्यंत लग्न संपलं. केराला तोवर पाचवा लागला होता, तेव्हा पाठवणी आणि ओटी एकाच दिवशी उरकली. होटगीच्या मुकादमाने येडूला मिठी मारली म्हणे. तानाबाईने मथुराबाईला लुगडं नेसवलं. मानसिंगरावांना आहेर म्हणून घोंगडं दिलं, त्याच मेंढरांच्या लोकरीचं. मग ती कळप घेऊन फाटकातून निघाली. एकही मेंढरू कमी नव्हतं, दोन-चार जास्तच होती.

संध्याकाळी टेबलं आत गेली. दुष्काळ संपला त्या दिवशी दुष्काळाच्या खात्याला जागा मिळाली. पुढे दीड वर्ष ते तिथे बसून निवारण करत होतं. मानसिंगरावांनी सातवीच्या चुलीत आपला फेट्यातला फोटो ठेवला आणि खुर्चीवर घोंगडं टाकलं. पंख्याखाली घोंगड्यावर, भिंतीतल्या चुलीपुढे बसलेला घामाघूम माणूस. विल्कीसाहेबाच्या मनात जे होतं ते अखेर एका माणसाने तंतोतंत करून दाखवलं.

ते खातं गेलं आणि शहात्तर साली तिथे कुटुंबनियोजनाची शिबिरं भरली. जिथे एक लग्न सहा महिने चाललं तिथेच. चुलीत कापसाचे बोळे. सध्या कुठलं तरी महामंडळ आहे. कसलं ते त्यांनाही सांगता येत नाही, आणि पाटी अजून दुष्काळाचीच आहे.

तानाबाई दिवाळीनंतर मेंढरं घेऊन पूर्वेकडे चरायला निघते, वाटेत होटगीला नातवाला बघायचं असतं. रस्ता या फाटकावरून जातो. पुढची मेंढी फाटकाशी आली की आपसूक आत वळते, आणि तिच्यामागे सगळी. म्हाताऱ्या सातवीत जातात, कोकरं पहिलीत. कारकून टेबलांवर चढून ओरडतात. गेल्या साली तर शताब्दीचा समारंभ चालू होता आणि फोटो निघत होता, तेवढ्यात कळप शिरला. अध्यक्षांनी सिद्धाप्पाला हाका मारल्या, 'हाकल, हाकल'. सिद्धाप्पा साहेब लोकांसमोर बहिरा. तो दाराला टेकून उभा होता आणि मला म्हणाला, "होगली बिडरी, आण्णा, जाऊ द्या. जुनी पोरं हायत."

तो फोटो स्मरणिकेत घेतला नाही. का, ते मला माहीत आहे. त्या फोटोत ज्यांची पोटं पुढे होती, त्यांची निदान गवताने भरलेली होती.